अंतरो खय गेलो?

मागच्या गणपतीत, विसर्जनाच्या आदल्या रात्री, खारेपाटणच्या आमच्या घराच्या पडवीत पुतण्या लॅपटॉप मांडून बसला होता. दुसऱ्या दिवशी टेम्पोवर वाजवायची गाणी जुळवत होता. बाजूला आरामखुर्चीत मोठे काका डोळे मिटून पडले होते. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण कान शाबूत. उमेदीची सगळी वर्षं पंचक्रोशीत भजनीबुवा म्हणून गेलेली, त्यामुळे कानावर पडलेलं काहीही त्यांच्या आत गेल्याशिवाय राहत नाही.

लॅपटॉपवर ‘कोंबडी पळाली’ लागलं. म्हणजे त्याचा मुखडा लागला. मग नुसता ठोका, मग पुन्हा मुखडा, मग कुणीतरी घोगऱ्या आवाजात डीजेचं नाव पुकारलं, मग हलगी, मग परत मुखडा, आणि गाणं कधी दुसऱ्याच गाण्यात शिरलं ते कळलंही नाही. काकांनी डोळे उघडले.

‘‘अंतरो खय गेलो रे?’’

‘‘काढून टाकलंय, आजोबानू. अंतरो इलो की लोक नाचूचे थांबतत.’’

काका काही बोलले नाहीत. पुन्हा डोळे मिटले. मी मात्र त्या दोन वाक्यांत अडकलो. कारण ज्या गाण्याबद्दल आजोबा आणि नातू बोलत होते, त्याचा अंतरा या घरात एकदा फार प्रेमाने म्हटला गेला होता. शब्द वेगळे होते, चाल तीच होती.

खारेपाटणला बाहेरून येणाऱ्या गोष्टींची सवय जुनी आहे. विजयदुर्गच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं इथवर येत, तेव्हा हे बंदर होतं. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०चा, म्हणजे इसवी सन १००८चा ताम्रपट याच गावात मिळाला. पुढे खाडी गाळाने भरत गेली, बंदर संपलं, आणि येणं-जाणं महामार्गावर गेलं. राजापूर तालुका सोडून सिंधुदुर्गात शिरताना पहिलं मोठं गाव आमचं. माझ्या लहानपणी गणपतीच्या आधी दोन-तीन दिवस पहाटे एसटी थांबायच्या आणि त्यातून चाकरमानी उतरायचे. डोक्यावर ट्रंका, हातात पिशव्या, पिशव्यांत मुंबईची बिस्किटं, अगरबत्त्या, आणि एखाद्याच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कॅसेटी. मुंबईत वर्षभरात काय वाजलं ते आम्हाला त्या पिशव्यांतून कळायचं. रेडिओ होता, पण रेडिओ त्याच्या मर्जीने गाणं लावतो. कॅसेट आपल्या मर्जीने लागते. एक गाणं आलं की पुढच्या चतुर्थीपर्यंत ते गावाचं असायचं.

आणि ते नुसतं ऐकायचं नसायचं, वापरायचं असायचं. हे मला फार पुढे कळलं, काकांच्या वह्या नीट वाचल्यावर.

भजनीबुवांची वही ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबट, हिशोबाच्या चोपडीसारखी वही. प्रत्येक पानावर वर डाव्या कोपऱ्यात एक शब्द: ‘चाल’, पुढे दोन टिंबं, आणि मग एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द किंवा सिनेमाचं नाव. त्याखाली शाईने लिहिलेला गजर. विठ्ठलाचा, गणपतीचा, रामेश्वराचा. गजराचे शब्द बुवांचे स्वतःचे, चाल मात्र गाजत्या गाण्याची. डबलबारीत समोरच्या बुवांना रात्रभर उत्तर द्यायचं असतं. रूपावली होते, अभंग होतो, गौळण होते, आणि शेवटी गजराला मांडव पेटायला हवा असतो. गजराला चाल नवीन नसेल तर ऐकणारे उठून चहाला जातात. म्हणून बुवा चाकरमान्यांची वाट पाहत. काका तर एसटीतून उतरलेल्या माणसाला घरी जाऊ देण्याआधी विचारत, ‘‘नवीन काय हाडलंस?’’

काकांच्या वह्या शुक नदीच्या पुरातून वाचलेल्या आहेत. पावसाळ्यात ही नदी बाजारपेठेत शिरते, हे इथल्या प्रत्येक दुकानदाराच्या हिशोबात धरलेलं असतं. काही पानांवर पाण्याची पिवळी रेघ आहे, काही ठिकाणी शाई पसरली आहे, पण कोपऱ्यातली ‘चाल’ बहुतेक वाचता येते. ‘बॉबी’ आहे. ‘जय संतोषी माँ’ आहे. आणि एका पानावर ‘कुर्बानी’ आहे.

या ‘कुर्बानी’च्या पानापाशी मी दरवेळी थांबतो. १९८०चा सिनेमा. त्यातलं नाझिया हसनचं गाणं बिद्दू या संगीतकाराने लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं. गाणारी मुलगी शाळकरी वयाची, जन्म पाकिस्तानातला, राहणं लंडनला. तो आवाज, ते डिस्कोचं कोरं करकरीत वाजणं आपल्याकडच्या सिनेमात त्याआधी कुणी तसं ऐकलं नव्हतं. ते गाणं लंडनहून मुंबईला, मुंबईहून एसटीने खारेपाटणला आलं, आणि इथे पेटी, मृदंग नि झांजांवर गणपतीचा गजर होऊन उभं राहिलं. मी तेव्हा लहान होतो. मांडवात घोंगडीवर अर्धवट झोपेत तो गजर ऐकल्याचं आठवतं. मूळ गाणं मी त्यानंतर ऐकलं, आणि मला वाटलं होतं की सिनेमावाल्यांनी आमच्या काकांची चाल घेतली.

त्या गजराची एक अडचण काका अजून सांगतात. मृदंग वाजवणाऱ्याला तो ठेका धरायला फार त्रास झाला. काका म्हणाले, ‘‘ह्या ठोक्याक श्वास नाय.’’ खरंच आहे ते. भजनाचा गजर हळू सुरू होतो आणि चढत जातो. बुवा मान हलवतात, मृदंग थोडा पुढे सरकतो, झांजा त्याच्यामागे, आणि शेवटी सगळी मंडळी उठून उभी राहतात. लय माणसाबरोबर चढते. यंत्राचा ठोका मात्र पहिल्या मिनिटाला जिथे असतो तिथेच शेवटच्या मिनिटाला. काकांनी त्यावर तोडगा काढला. मुखडा त्यांनी त्या डिस्कोच्या एकसारख्या ठोक्यात ठेवला, आणि अंतऱ्याला लय मोकळी सोडली. अंतऱ्यात मृदंगवाल्याला श्वास मिळायचा, मग परत येताना चढवून मुखड्यावर आदळायचं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी खारेपाटणात एका पेटीवर झालेलं हे काम. मी त्याला रिमिक्सच म्हणेन, आणि चांगलं रिमिक्स म्हणेन.

त्याच सुमारास मुंबईत एक माणूस उलट्या दिशेने चालला होता. चरणजित सिंग हे सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणारे, लग्नसमारंभांत ऑर्केस्ट्रा घेऊन जाणारे वादक. त्यांनी १९८२ साली जपानी रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने त्याची तबकडी काढली. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१०मध्ये ती तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा नृत्यसंगीताच्या जाणकारांनी कान टवकारले. शिकागोत १९८७च्या सुमारास जे ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून गाजलं, त्याच्या जवळचं वाजणं इथे पाच वर्षं आधी, त्याच यंत्रांवर, भैरव आणि ललत वाजवताना होऊन गेलं होतं. सिंग २०१५मध्ये गेले. त्यांनी राग यंत्राच्या ठोक्यावर नेला आणि काकांनी यंत्राचा ठोका मृदंगावर आणला. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

नदीपलीकडे राजापूर तालुक्यात हाच प्रकार नाचातही चालायचा. जाखडीचं पथक आलं की आम्ही पोरं धावायचो. मधे ढोलकीवाला, शाहीर आणि झिलकरी बसलेले, भोवती एका पायात चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचं रिंगण. शक्ती नि तुरा, सवाल नि जबाब. शाहिराच्याही चाली बऱ्याचदा सिनेमाच्या. पण नाच अंतऱ्यावर बदलायचा, हे महत्त्वाचं. मुखड्याला रिंगण एका अंगाने फिरतंय, अंतरा आला की पावलं आखडती व्हायची, वळण बदलायचं, नाचणारे आत झुकून बाहेर यायचे, आणि मुखडा परत आला की चाळांचा एकदम दणका. अंतरा म्हणजे नाचातला थांबा नव्हता. नाचणाऱ्याला तिथे दुसरं काहीतरी करायचं असायचं. पुतण्या म्हणतो तसं तेव्हा अंतऱ्याला कुणी थांबत नव्हतं, कारण अंतऱ्याचं पाऊल प्रत्येकाला येत होतं.

कॅसेटींबद्दल एक आठवण सांगतो. आमच्या बाजारपेठेत एक कॅसेटचं दुकान होतं. कोऱ्या कॅसेटवर आपल्या पसंतीची गाणी भरून द्यायचे. एका पुरात पाणी दुकानात चढलं. ओसरल्यावर मालकाने कॅसेटी फडक्याने पुसून पत्र्यावर उन्हात मांडल्या, आणि ज्या वाजतील त्या स्वस्तात विकल्या. मी एक घेतली. आनंद शिंद्यांच्या पोपटाच्या गाण्याची. ती मधेच खोल आवाजात जायची, जणू गाणारा पाण्याखाली उतरला, मग हळूहळू वर यायची. आमच्या वाडीत ते गाणं आम्ही त्या हेलकाव्यांसकट म्हणायचो. मुंबईला पहिल्यांदा ते धड ऐकलं तेव्हा मला चुकल्यासारखं झालं. काही महिने तरी खारेपाटणच्या त्या एका वाडीत त्या गाण्याची एक वेगळीच प्रत चालू होती, जी शुक नदीने तयार केली होती.

आनंद शिंद्यांचं नाव आलंच आहे. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं आमच्या घरात सकाळी लागायची, आनंद शिंदे दुपारी, मोठी माणसं झोपल्यावर. बापाचा आवाज देवघरात आणि मुलाचा ओटीवर, अशी वाटणी होती. दोन्ही आवाजांत तीच खणखणीत धार, गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारी. त्यामुळे २००६मध्ये केदार शिंद्यांचा ‘जत्रा’ आला आणि त्यात अजय-अतुलच्या संगीतात आनंद शिंदे नि वैशाली सामंत यांचं ‘कोंबडी पळाली’ वाजलं, तेव्हा आम्हाला ते गाणं नवं वाटलंच नाही. ओळखीचा माणूस नवे कपडे घालून आल्यासारखं वाटलं. गीत जितेंद्र जोशींचं. सिनेमात भरत जाधव, क्रांती रेडकर. दोन गावांची चुरस, जत्रा, आणि त्या गाण्यात बाई एक बोलते, पुरुष त्यावर दुसरं बोलतो. ठेका आताच्या काळाचा, पण आतला सांगाडा सवाल-जबाबाचा. जाखडी पाहून वाढलेल्या माणसाला तो लगेच ओळखू येत होता.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत काकांनी ते घेतलं. सत्तरीला टेकलेला बुवा कोंबडीची चाल घेतोय म्हणून घरातल्या बायका हसल्या. काकू तर रागावली होती, देवासमोर असलं काही नको म्हणून. काका म्हणाले, ‘‘चालीक सोयर नाय नि सुतक नाय.’’ त्यांनी त्या चालीवर गणपतीच्या उंदराचा गजर रचला. मुखड्याला उंदीर पळतो, अंतऱ्याला गणपती त्याची समजूत घालतो. पुरुषाच्या ओळी काका म्हणायचे, बाईच्या ओळी कोरसवाले. अंतऱ्याला त्यांनी आवाज इतका खाली आणला होता की मांडवातली माणसं पुढे सरकून ऐकत होती. मग मुखड्याला सगळा मांडव उभा. भजन संपल्यावर काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव खाताना समोरच्या बुवांनी काकांच्या पाया पडून ती चाल वापरायची परवानगी मागितली होती. ज्या चालीवर काकांचाही हक्क नव्हता तिच्यासाठी. मला तो प्रसंग फार सुंदर वाटतो. मागणाऱ्याने रचना मागितली होती, आणि ती काकांचीच होती.

त्या वर्षी आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरांनाही ते गाणं दोन्ही अंतऱ्यांसकट पाठ होतं. पुतण्या तेव्हा पाळण्यात होता.

२०१२च्या प्रजासत्ताकदिनी ‘अग्निपथ’ लागला, आणि आमची चाल हिंदीत गेली. ‘चिकनी चमेली’. संगीतकार तेच, अजय-अतुल. म्हणजे स्वतःच्याच गाण्याला त्यांनी स्वतःच नवं अंगडं शिवलं. शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, आवाज श्रेया घोषाल यांचा, नाच गणेश आचार्यांनी बसवलेला, नाचणारी कॅटरिना कैफ. सारा देश त्या चालीवर नाचला. मला अभिमान वाटला आणि तो अजूनही आहे. लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बिहारच्या पोराच्या फोनवर ते वाजलं तेव्हा मी त्याला थांबवून सांगितलं होतं की ही चाल मूळची मराठी. श्रेया घोषाल गातात फारच सफाईने. पण मला त्यात पुरुषाचा आवाज सापडेना. मराठीत दोघं एकमेकांना बोलत होती. हिंदीत एक बाई स्वतःबद्दल सांगते आणि बाकीचे पाहतात. सवाल राहिला, जबाब गेला. पहिली गळती तिथे झाली, असं मला आज वाटतं.

आणि मग डीजे आला. एका वर्षात आला नाही. आधी बेंजो पार्टी आली, त्यात कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आले. मग टेम्पोवर मोठे बॉक्स चढले, जनरेटर आला. आता ‘डीजे’ हा शब्द गावात माणसासाठी कमी आणि त्या सगळ्या डोलाऱ्यासाठी जास्त वापरतात. गाणी यूट्यूबवरून, व्हॉट्सअॅपवरून येतात, त्यांच्या नावांत हलगी मिक्स, संबळ मिक्स, कडक मिक्स असली शेपटं असतात. ‘कोंबडी पळाली’च्या अशा किती आवृत्त्या असतील मोजणं अवघड आहे. काहींत आधी मराठी मुखडा, मग हिंदी मुखडा, दोन्ही एकाच ठोक्यावर जोडलेले. मूळ आणि त्याचं हिंदी रूप शेजारी शेजारी नाचायला उभी केलेली. ही कल्पना मला आवडली. पण दोन्हींचे अंतरे मधून गळलेले.

रिमिक्सचा जन्म पाहिला तर याचं नवल वाटतं. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या नाचघरांत अडचण अशी होती की तबकडीवरचं गाणं तीन मिनिटांत संपायचं आणि नाचणारे ऐन रंगात आलेले असताना तुटायचे. टॉम मूल्टन नावाच्या माणसाने फिती कापून-जोडून गाणी लांबवायला सुरुवात केली, त्यातून बारा इंची मोठी तबकडी आली. त्याच काळात जमेकात किंग टबी गाण्यातला आवाज काढून नुसता ताल आणि त्याचे प्रतिध्वनी ठेवत होता. म्हणजे रिमिक्स सुरू झालं ते गाण्यात जास्त वेळ राहता यावं म्हणून. आपल्याकडे त्याचं उलटं झालं. आपल्याकडे नॉनस्टॉप हवं झालं. एका दमात वीस गाणी. मग प्रत्येकाच्या वाट्याला मिनिट-दीड मिनिट, आणि त्यात बसतो फक्त मुखडा.

आपल्याकडच्या रिमिक्सच्या लाटेला कायद्यानेही वाट दिली होती. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की कळवून आणि रॉयल्टी भरून तेच गाणं नव्याने मुद्रित करायची मुभा होती. २०१२च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांवर नेली. २००२मध्ये ‘समाधी’ या १९७२च्या सिनेमातलं लताबाईंचं, राहुलदेव बर्मन यांच्या चालीचं ‘कांटा लगा’ नव्या आवाजात, नव्या ठोक्यावर घरोघरच्या टीव्हीत आलं तेव्हा माझी आई उठून स्वयंपाकघरात गेली होती. आत जाऊन तिने मूळ गाणं म्हटलं. सगळं म्हटलं. ते ऐकून माझी धाकटी बहीण म्हणाली, ‘‘अगो, ह्या गाण्याक पुढे पण आसा?’’

आता जे बरं झालंय तेही सांगायला हवं. ते थोडं नाही. माझ्या लहानपणी विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचायचे ते पुरुष. बायका दारातून आरती घेऊन मागे फिरायच्या. त्यांची फुगडी, झिम्मा माजघरात, रात्री, पुरुष भजनाला गेल्यावर. माझी आई काय सुरेख फुगडी घालायची, पण रस्त्यावर ती कधी नाचली नाही. मागच्या गणपतीत टेम्पोच्या मागे माझ्या वहिन्या, भाच्या, सुना, शेजारच्या मावशी, सगळ्या होत्या. नऊवारीत, पंजाबी ड्रेसमध्ये, घामाने थबथबलेल्या. कुणाला नाच शिकलेला असावा लागत नाही, गळा लागत नाही, ठोका सगळ्यांना सारखा कवेत घेतो. काकांच्या भजनात वाडीच्या बायका ऐकायला होत्या, गायला कधीच नव्हत्या. डीजेने त्यांना रस्त्यावर जागा करून दिली, हे मी विसरू शकत नाही. आवाजाबद्दल मात्र माझं मन अजून राजी नाही. त्या बॉक्सपुढे उभं राहिलं की बरगड्या हलतात, म्हाताऱ्यांना दारं लावून बसावं लागतं, आणि शेजारी नाचणाऱ्याशी बोलताही येत नाही. मृदंगवाला बुवांच्या मानेकडे बघून वाजवायचा. बॉक्सला मान दिसत नाही.

तर ती रात्र. पुतण्याने लॅपटॉप मिटला, आणि मी उठून काकांची वही आणली. २००७चं पान काढलं. वर कोपऱ्यात ‘चाल : कोंबडी पळाली’, खाली उंदराचा गजर. त्याला दाखवलं. त्याने ते शब्द बोटाने वाचले. या घरातल्या पोराने आजोबांच्या वह्या कधी उघडल्या नव्हत्या, त्यात माझीही चूक आहे. मी त्या कपाटात जपून ठेवल्या होत्या.

‘‘आजोबानू, ह्यो गजर म्हणा मा,’’ तो म्हणाला. ‘‘मी ऐकतंय.’’

काकांनी पेटी मागितली नाही. मांडीवर बोटांनी ठेका धरला. मुखडा म्हटला, आवाज फाटत होता, मग अंतऱ्याला त्यांनी आवाज खाली घेतला, आणि तिथे तो फाटायचा थांबला. गणपती उंदराची समजूत घालत होता. पुतण्या गप्प बसून ऐकत होता. अंतरा संपवून काका मुखड्यावर आले तेव्हा त्याने आपसूक मांडीवर थाप दिली, बरोबर समेवर. नंतर रात्री उशिरा त्याच्या कानात हेडफोन होते आणि पडद्यावर २००६चं मूळ गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला म्हणाला, ‘‘काका, अंतऱ्यात खाली कितीतरी वाद्यं आसत. मी कधी ऐकूकच नाय.’’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो नदीकडे निघाला. गाणी सुरू होती, सगळे नाचत होते. वळणावर ‘कोंबडी पळाली’ लागलं, मुखडा दोनदा झाला, ठोका वाढला, आणि मग ठोका गेला. अंतरा आला. पुतण्याने तो रात्रीतून परत जोडला होता, पूर्ण, आनंद शिंद्यांच्या आवाजासकट.

पोरं खरंच थांबली. हात अर्धवट वर राहिले, काहींनी पुतण्याकडे पाहिलं, एकाने ओरडून विचारलं बंद पडला की काय. पुतण्याचं भाकीत बरोबर होतं. पण टेम्पोच्या मागच्या चाकाशी माझी वहिनी आणि तिची जाऊ, दोघी पन्नाशीच्या, थांबल्या नाहीत. त्यांनी पावलं आखडती घेतली, एकमेकींकडे तोंड केलं, आणि एक बाईच्या ओळी म्हणायला लागली नि दुसरी पुरुषाच्या. सगळे शब्द त्यांना येत होते. दोन-तीन पोरी त्यांच्या पावलांकडे बघून तसं करायला लागल्या. मग मुखडा आला, ठोका आला, आणि सगळी वाडी पुन्हा हलली.

काका दारात खुर्ची टाकून बसले होते. तिथवर आवाज जात होताच. परत आल्यावर पुतण्या त्यांच्या पाया पडला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘दुसरो अंतरो?’’

‘‘एकच लावलंय, आजोबानू. दुसऱ्याक पोरां पळान गेली असती.’’

काका हसले. यंदाच्या चतुर्थीसाठी पुतण्याने अजून यादी केलेली नाही. फोनवर विचारलं तर म्हणतो, एक अंतरा ठेवतो बहुतेक, दुसऱ्याचं बघतो.